काळ्या कातळातल्या पांढऱ्या रेघा काय सांगतात?

भिवंडी तालुक्यात दिघाशीच्या परिसरात विहीर खणली की माती-मुरुमाखाली काळा कातळ लागतो. फोडलेल्या दगडात कधी कधी एखादी पांढरी रेघ आरपार गेलेली दिसते. भूवैज्ञानिक तिला 'खनिज शिरा' म्हणतात. कधीकाळी इथून पाणी वाहिलं होतं, याची ती खूण. उन्हाळ्यात बोअरसाठी पैसे मोजणाऱ्या घरांसाठी ही माहिती कामाची आहे. ती का, ते समजून घेऊ.

शिरा तयार कशी होते?

जमिनीखाली दगड ताणला किंवा दाबला गेला की त्याला भेगा पडतात. कधी अडकलेल्या पाण्याचा दाबच इतका वाढतो की तो दगड फोडतो. खोलवरचं गरम पाणी सिलिका, कॅल्शियम असे पदार्थ विरघळवून आणतं. भेगेत दाब किंवा तापमान बदललं की ते पदार्थ कडेला जमू लागतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसंच. जमता जमता भेग बुजते आणि उरते ती क्वार्ट्झ, कॅल्साइट किंवा झिओलाइटची रेघ.

एकदाच भेग पडते का?

नाही. बुजलेली भेग पुन्हा तडकते, पाणी येतं, पुन्हा बुजते. ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉन रॅमसे यांनी 1980 मध्ये ही प्रक्रिया मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली काही शिरांमध्ये असे शेकडो पट्टे दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा तडकणं आणि एकदा बुजणं.

नोंद वाचायची कशी?

एक शिरा दुसरीला कापून गेली असेल, तर कापणारी नंतरची. स्फटिकांचे तंतू बहुतेकदा भेग ज्या दिशेला उघडली, त्या दिशेने वाढतात. स्फटिकात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब बंदिस्त राहतात आणि थंड होताना त्यात बुडबुडा तयार होतो. प्रयोगशाळेत स्फटिक तापवला की एका तापमानाला तो नाहीसा होतो. पाणी किमान तेवढं गरम होतं, हे त्यावरून कळतं.

मात्र प्रत्येक पांढरी खूण शिरा नसते. गोल ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या. त्या नंतर खनिजांनी भरल्या.

मग इथे दगड वाकला कधी?

आपला काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. सह्याद्रीवर त्याचे थर जवळपास आडवे आहेत, पण मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. या वाकण्याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. सेशेल्सचा भूभाग भारतापासून वेगळा होताना पश्चिम किनारा ताणला गेला, त्याच्याशी याचा संबंध जोडला जातो. वाकताना दगड तडकला आणि पाण्याला वाटा मिळाल्या.

त्यातल्या काही वाटा आजही वाहत्या आहेत. याच तालुक्यातली वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं बघा. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. कोकणात असे झरे पालघरपासून रत्नागिरीपर्यंत साधारण उत्तर-दक्षिण रांगेत आहेत. शिरा म्हणजे अशीच एखादी वाट, फक्त बुजलेली.

बोअरशी याचा काय संबंध?

घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागाच नसते. ते वरच्या झिजलेल्या थरात किंवा भेगांमध्येच मिळतं. म्हणून भेग आहे एवढं पुरत नाही, ती उघडी हवी. कॅल्साइट-झिओलाइटने बुजलेल्या भेगेत बोअर गेला, तर तो कोरडा निघू शकतो. शेजारच्या शेतात उघडी भेग लागली, तर तिथे पाणी. 'त्यांना लागलं, आम्हाला नाही' यामागे नेहमी नशीब नसतं.

शिरा दिसली म्हणजे पाणी नाहीच, असंही नाही. बुजलेली भेग नंतरच्या हालचालींत पुन्हा उघडू शकते. म्हणून एका रेघेवरून निर्णय घेऊ नये. आसपासच्या विहिरींच्या कडा आणि खाणीतले ताजे काप बघावेत. भेगा कोणत्या दिशेला जातात, त्या ओल्या आहेत की पांढऱ्या खनिजाने भरलेल्या, हे टिपून ठेवावं आणि बोअरची जागा ठरवण्यापूर्वी भूजल तज्ज्ञाला दाखवावं. बोअरचा खर्च त्यानंतर.