प्रेक्षक, प्राश्निक आणि पाव्हना : झाडीपट्टीतील खेळ पाहण्याची शब्दसृष्टी

खेळ पाहणाऱ्या माणसासाठी मराठीत जी नावे आहेत, त्यांत 'प्रेक्षक' हे सर्वांत प्रतिष्ठित होय. परंतु हा शब्द क्रीडांगणावरचा नव्हे; तो नाट्यगृहातून आलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षागृह आहे, प्रेक्षकाची लक्षणे आहेत, आणि त्याच्याच शेजारी 'प्राश्निक' या नावाचा आणखी एक जाणता पाहणारा आहे. प्रयोगाचे गुणदोष ठरविणे, वाद निर्माण झाल्यास निर्णय देणे हे प्राश्निकाचे काम. पुढे भाषेने प्रेक्षक ठेवला आणि प्राश्निक टाकून दिला. फार्सीतून आलेल्या 'तमाशा' शब्दाची कथा याहून निराळी. त्याच्या मुळाशी अरबीतील 'चालणे' या अर्थाचा धातू असून हिंडून-फिरून मौज पाहणे हा त्याचा जुना अर्थ होय. 'बघ्या' हा शब्द मात्र केवळ तुच्छतेने वापरला जातो; बघ्यांची गर्दी होते, बघ्यांचा सन्मान कोणी करीत नाही.

बसून पाहणे, पारखून पाहणे आणि वाट चालून जाऊन पाहणे असे पाहण्याचे तीन प्रकार या शब्दांतून हाती येतात. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील माणूस आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास जातो तेव्हा या तिहींपैकी तो कोणता पाहणारा असतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या भागास भंडारा-गोंदियासह झाडीपट्टी म्हणतात. धानाचे पीक हाती येऊ लागले आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. त्यापुढे शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे दिवस येतात. पटाच्या गावी त्या दिवशी घरोघर माणसे उतरलेली असतात. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. दिवसा पट पाहावयाचा आणि रात्री नाटक. नाटक रात्री उशिरा उभे राहते व पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे प्रमुख ठाणे होय. झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांना या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकू आले असावे.

पटावरचा पाहणारा प्रेक्षकापेक्षा प्राश्निकाच्या अधिक जवळचा आहे. जोडी कोणाची, कोणत्या गावची, धुरकरी कोण, मागच्या पटात तिने काय केले, हे त्यास ठाऊक असते, आणि निकालाविषयी आपले मत सांगण्यास तो संकोच करीत नाही. शिवाय तो कोणाच्या तरी घरी उतरलेला असतो, म्हणजे तो 'पाव्हना' असतो. 'पाहणे' आणि 'पाहुणा' हे शब्द कानास सख्खे भाऊ वाटतात. परंतु पाहुणा हा 'प्राघुण—पाहुण' या परंपरेतून आलेला असून त्याचा पाहण्याशी व्युत्पत्तीने संबंध नाही. व्युत्पत्तीने जे नाते नाकारले ते पटाने जोडले आहे, असे मात्र म्हणता येईल. तेथे पाहावयास येणारा तो पाहुणाच असतो.

हीच माणसे नागपूरला कसोटी किंवा एकदिवसीय सामना पाहावयास जातात. पूर्व विदर्भात या जाण्याला 'म्याच पाहाले जाणे' म्हणतात. 'बघणे' येथे फारसे रुळलेले नाही. नागपुरात विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर पहिला कसोटी सामना १९६९ च्या ऑक्टोबरात झाला व न्यूझीलंडने भारतास १६७ धावांनी हरविले. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. गडचिरोलीहून त्याहून अधिक, आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचाहून तर नागपूरपेक्षा तेलंगणच जवळ. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतरही दीर्घकाळ वडसा हे त्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. तेव्हा सामना पाहणे म्हणजे प्रथम प्रवास, मग मुक्काम, आणि शेवटी खेळ. 'तमाशा'चा जुना अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो.

३१ ऑक्टोबर १९८७ चा विश्वचषक सामना या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २२ ऑक्टोबरास झाले. म्हणजे हा सामना ऐन मंडईच्या दिवसांत आला. न्यूझीलंडने ५० षटकांत ९ बाद २२१ धावा केल्या. त्या डावात चेतन शर्मा याने केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि यूइन चॅटफील्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकातील ही पहिलीच हॅटट्रिक, आणि तिन्ही बळी त्रिफळ्याचे. पुढे सुनील गावसकर यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे हे एकमेव शतक होय. गटात ऑस्ट्रेलियाच्या पुढे जाण्यासाठी भारताला ४२.२ षटकांत लक्ष्य गाठणे आवश्यक होते. ते ३२.१ षटकांतच, केवळ एक गडी गमावून गाठले गेले.

आता भाषेकडे वळू. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना तीन वेळा 'त्रिफळा' छापता आला. मैदानावर बसलेल्यास त्या शब्दाची गरज नव्हती. त्याला यष्ट्या उडताना दिसल्या. क्रिकेटची मराठी परिभाषा ही मुख्यतः न पाहणाऱ्यांसाठी घडलेली भाषा आहे. वृत्तपत्राच्या स्तंभात आणि आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर ती वाढली. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन करणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रगण्य आहे. ज्याला मैदान दिसत नाही त्याच्यासमोर ते शब्दांनी उभे करावयाचे, हे त्या वर्णनाचे कार्य होते, आणि तेथे प्रत्येक क्रियेस स्वतंत्र, नेमके नाव लागते.

ही नावे ज्या रीतीने मिळविली गेली ती पाहण्यासारखी आहे. 'गोलंदाज' हा तोफ डागणाऱ्याचा शब्द. त्यातील 'अंदाज' म्हणजे फार्सीत फेकणारा, जसा तिरंदाज. चेंडू फेकणाऱ्यास तो शोभला. पण त्याच्या जोडीला म्हणून 'फळी'वरून 'फलंदाज' बनविला गेला तेव्हा अर्थ सुटला आणि केवळ यमक उरले, कारण फलंदाज काहीच फेकीत नाही. तरीही शब्द रूढ झाला. भाषेला तर्कापेक्षा जोडी प्रिय असते. 'पायचीत'मधील 'चीत' कुस्तीच्या हौद्यातून आला, 'पंच' गावाच्या चावडीवरून, 'डाव' देशी खेळांतून, आणि 'बाद' हिशेबाच्या वहीतून, जेथे तो वजा टाकलेली रक्कम दाखवितो. शेतकरी, पहिलवान, कारकून आणि शिपाई यांचे शब्द एकत्र करून हा परदेशी खेळ मराठीत बसविला गेला. त्यात पटाचा एकही ठळक शब्द नाही, ही गोष्ट झाडीपट्टीच्या अभ्यासकास जाणवल्यावाचून राहात नाही. परिभाषा पुण्या-मुंबईकडे घडली, हे त्याचे उघड कारण.

याहून सूक्ष्म अडचण ध्वनींची आहे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ण, छ, श, ष आणि ळ ही व्यंजने या बोलीत आढळत नाहीत असे दाखविले आहे. 'पाणी'चे 'पानी' होते, 'काळा'चा 'कारा' होतो. आता प्रमाण परिभाषा पाहा : षटक, षटकार, यष्टी, शतक, त्रिफळा, नाणेफेक, क्षेत्ररक्षण, आणि खुद्द 'खेळ'. जे ध्वनी बोलीत नाहीत त्यांचीच येथे दाटी झालेली आहे. उलट ओव्हर, विकेट, बॉल, रन, आउट, क्याच हे शब्द झाडीबोलीच्या ध्वनिव्यवस्थेत अडथळ्याशिवाय शिरतात. तथापि इंग्रजी शब्दांचा वापर केवळ ध्वनींमुळे होतो असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल; ज्याच्या जिभेवर ण आणि ळ लीलया येतात तो पुणेकरही मैदानावर 'ओव्हर'च म्हणतो. फरक इतकाच की पुणेकरास वृत्तपत्रातील शब्द परका वाटत नाही. झाडीपट्टीत शिकणाऱ्या मुलास 'षटक' हा खेळाचा शब्द न राहता शाळेचा शब्द होतो, शुद्ध उच्चारण्याचा, चुकल्यास हसे होण्याचा. शिवाय १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात होता व नागपूर त्याची राजधानी होती. त्यामुळे हिंदीतील 'चौका', 'छक्का' येथे अपरिचित नव्हते. 'छक्का'तील छ कसा उच्चारला जातो, हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

मैदानावर ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसण्याची जी चाल पूर्वी देशभर होती, तिचाही अर्थ येथे लागतो. डोळ्यांना खेळ दिसत असताना वर्णन कशासाठी ऐकावयाचे? कारण ४२.२ षटकांचे गणित डोळ्यांना दिसत नाही. दुरून, चेंडूही नीट न दिसणाऱ्या जागेवरून पाहणाऱ्यास निर्णय देण्याइतकी माहिती शब्दांतूनच मिळते. प्राश्निक होण्याची त्याची हौस तो कानाने भागवितो. पटावर ही गरज पडत नाही. तेथे जोडी हाताच्या अंतरावरून जाते.

पुढे २००८ साली नागपूरचे आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याच्या नव्या मैदानावर गेले. वर्धा मार्गावरील हे मैदान चंद्रपूरकडून येणाऱ्यास शहरापूर्वीच लागते. सामना पाहून नागपुरात पाऊल न ठेवता परतता येते. १२ मार्च २०११ रोजी तेथे विश्वचषकाच्या सामन्यात भारताचा डाव १ बाद २६७ वरून २९६ वर आटोपला आणि दक्षिण आफ्रिका दोन चेंडू राखून जिंकली. रात्री उशिरा सुटलेली गर्दी महामार्गावर आली. मुक्काम गेला, त्याबरोबर ज्या घरी उतरावयाचे ते घरही गेले. दरम्यान पटावरही संकट आले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त अनुमती मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. बंदी आली तेव्हा आठ वर्षांचे असलेले मूल ती उठली तेव्हा पंधरा वर्षांचे झाले होते. पटाचे शब्द त्याने ऐकले ते वडिलधाऱ्यांच्या आठवणींत, क्रिकेटचे शब्द मात्र रोज, पडद्यावरून.

पाहुणा हा शब्द क्रिकेटच्या मराठीतही आहे, पण तेथे त्याचा मान निराळ्यास मिळतो. वृत्तपत्रे 'यजमान संघ' आणि 'पाहुणा संघ' असे लिहितात. जामठ्यास पाहुणे होते ते दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू. सिरोंचाहून रात्रभर प्रवास करून एखादा आला असेल, तर त्याच्या तिकिटावर आसनाचा क्रमांक होता.