तुकडे जोडणारा लिंकर

तुळजापूरच्या बाजारात टांगलेल्या कवड्यांच्या माळा तुम्ही पाहिल्या असतील. माळेत कवडी आधी ओवा की नंतर, ती होती तशीच राहते. आता उर्दूतला 'बाब' हा शब्द वहीत लिहून पाहा. त्यात 'बे' हे अक्षर दोनदा येते. पहिला बे पुढच्या अलिफाला जुळतो, म्हणून आखूड होतो. शेवटचा बे मोकळा आणि पूर्ण राहतो. अक्षर एकच, पण शेजार बदलला की रूप बदलते.

संगणकात लिंकर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो तुकड्यांची माळ ओवतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्याचे काम उर्दू लिहिण्याच्या जवळचे आहे.

समजा, तुमच्या वर्गातल्या तिघांनी गुणांची टक्केवारी काढणारा प्रोग्राम 'सी' भाषेत लिहायला घेतला. सलीमने मुख्य फाइल लिहिली. नसरीनने टक्के काढण्याचे काम लिहिले व आयेशाने निकाल पडद्यावर दाखवण्याचे. कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो आणि संगणकाला समजणाऱ्या अंकांत तिचे रूपांतर करतो. या रूपांतरित तुकड्याला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. सलीमच्या फाइलमध्ये 'टक्के' हे काम करून आणण्याची आज्ञा आहे, पण ते काम आहे नसरीनच्या फाइलमध्ये! सलीमची फाइल वाचताना कंपायलरला ते दिसत नाही. म्हणून तो तिथे पत्त्याची जागा रिकामी ठेवतो आणि नाव तेवढे टिपून ठेवतो.

शिवाय प्रत्येक तुकडा आपले पत्ते शून्यापासून मोजतो. तिघेही म्हणणार, पहिले घर माझेच! इथे लिंकर येतो. सोपे आकडे घेऊ. सलीमचा तुकडा ४०० बाइटचा आहे. त्याला पहिली जागा दिली, तर नसरीनचा तुकडा ४०० पासून सुरू होईल. तिच्या तुकड्यात 'टक्के' हे काम ४० व्या पत्त्यावर असेल, तर त्याचा नवा पत्ता झाला ४४०. लिंकर सलीमच्या रिकाम्या जागेत हा पत्ता भरतो. असे सर्व पत्ते भरले, की चालणारा प्रोग्राम तयार होतो.

आता नसरीनने कामाला 'टक्के' ऐवजी 'टक्का' असे नाव दिले तर? माणूस समजून घेईल. लिंकर अंदाज करत नाही. तो 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे लिहून थांबतो. म्हणजे नावाचा उल्लेख आहे, पण त्या नावाचे काम कुठेच सापडले नाही. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी पाहून पुष्कळ मुले इथेच उठून जातात. तुम्ही उठू नका. त्या ओळीत अवतरणचिन्हांत एक नाव असते, तेवढे वाचा. नाव चुकले आहे का? की नसरीनची फाइल जोडायलाच दिली नाही? बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक असते. उलट, एकच नाव दोन फाइलींनी घेतले, तरीही लिंकर अडतो.

काही तुकडे मात्र तो आत घेत नाही. अक्षरे पडद्यावर दाखवण्यासारखी नेहमीची कामे सामायिक ग्रंथालयात असतात. ती प्रोग्राम सुरू होताना जोडली जातात. त्यामुळे एका संगणकावर चालणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे नेला, की कधी कधी चालत नाही. तिथे ते ग्रंथालय नसते.

हे करून पाहायला खर्च येत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' ही कार्यप्रणाली आणली. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. अशा लिनक्स संगणकावर 'जीसीसी' हा कंपायलर आणि 'एलडी' हा लिंकर दोन्ही फुकट बसवता येतात. जीसीसी स्वतःच एलडीला हाक मारतो, म्हणून लिंकर आपल्याला सहसा दिसत नाही.

एलडीचा मूळ मजकूरही सर्वांना खुला आहे. तो उतरवून घेऊन तुम्ही स्वतः लिंकर बांधू शकता. गंमत अशी, की त्याच्याही अनेक फाइली असतात आणि त्या जोडायला आधीचा लिंकर लागतो. मग पहिला लिंकर कुणी जोडला? सुरुवातीला हे काम माणसेच करत. वहीतून तुकडे उतरवायचे, पत्ते हाताने बदलायचे, आणि बेरजेत चुकायचे. अमेरिकेतील ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंना याचा कंटाळा आला. त्यांनी युनिव्हॅक संगणकासाठी १९५२ च्या सुमारास 'ए-झीरो' तयार केला. फितीवर साठवलेले तुकडे क्रमांकावरून शोधून जोडण्याचे काम तो संगणकाकडूनच करून घेई.

तुमचा लिंकर बांधून झाला, की त्याला सलीम, नसरीन आणि आयेशाच्या तीन फाइली द्या. एकदा 'टक्का' हे चुकीचे नाव मुद्दाम तसेच ठेवा आणि तो काय म्हणतो ते पाहा.