गाडीचा पंखा एकाच वेगावर चालतो? मोटार बदलण्याआधी हे पाहा

मे महिन्याचे दिवस होते. अम्मींना डोळ्यांच्या तपासणीसाठी बुटीबोरीहून नागपूरला न्यायचे होते. वर्धा रोडने जेमतेम ३० किलोमीटर. पण आपल्याकडच्या उन्हात वयस्कर माणसाला तेवढेही जड जाते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. आमची गाडी जुनी. ब्लोअरचे बटण १, २, ३ वर फिरवले तर काहीच होईना आणि ४ वर नेले की एकदम वादळ. त्या वाऱ्याने अम्मींचे डोळे चुरचुरू लागले. बंद करावे तर जीव घाबरा होई. शेवटी त्या ओढणीने तोंड झाकून बसल्या.

परत आल्यावर गॅरेजमध्ये गाडी दाखवली. उत्तर मिळाले, "मोटार गेली, अख्खी बदला." सांगितलेली रक्कम लेकीच्या पुढच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांएवढी होती. घरी हा विषय निघाला तेव्हा नुकतीच नववीची परीक्षा दिलेली लेक म्हणाली, "अब्बू, मोटार गेली असती तर चारवर तरी कशी चालली असती?"

आम्ही रोज वर्गात मुलांना विचार करून उत्तर लिहायला सांगतो आणि स्वतः मात्र हा साधा प्रश्न विचारला नव्हता!

नववीच्या 'धाराविद्युत' या पाठात रोधांची एकसर जोडणी आहे. तेच तत्त्व इथे चालते. हाताने फिरवायच्या बटणाच्या अनेक गाड्यांत ब्लोअरजवळ तारेच्या वेटोळ्यांचा एक छोटा भाग असतो. त्याला रेझिस्टर म्हणतात. पहिल्या वेगाला वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, म्हणून पंखा हळू फिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेगाला वेटोळी कमी होतात. चौथ्या वेगाला वीज रेझिस्टर टाळून थेट मोटारीला मिळते. म्हणून फक्त चौथा वेग चालत असेल, तर पहिला संशय रेझिस्टरवर घ्यावा. एकही वेग चालत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना काम हाती घेतले. चावी काढली, बॅटरीची ऋण तार सोडवली. डाव्या बाजूचा डॅशबोर्डचा खण उतरवला. आत हवेच्या मार्गावर दोन स्क्रूंनी बसवलेला रेझिस्टर सापडला. कपलर काढून तो बाहेर घेतला, तर एक जोड जळून तुटलेला. जुना भाग सोबत नेऊन दुकानातून तसाच नवा आणला. मोटारीच्या मानाने किंमत अगदी किरकोळ.

पण नवा भाग बसवून थांबायचे नसते. तो जळला का, हे शोधावे लागते. रेझिस्टर तापतो आणि पंख्याच्याच वाऱ्याने थंड होतो. आमची गाडी कडुनिंबाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून पाला आत गेला होता आणि हवेची फिल्टर धुळीने गच्च भरली होती. वारा अडला की रेझिस्टर जास्त तापतो; पात्यांत पाला अडकला की मोटार जास्त वीज ओढते. ही सफाई केली नसती, तर नवा रेझिस्टरही लवकरच गेला असता.

खण उघडाच होता, म्हणून हिवाळ्यापासून सैल फिरणारे गरम-थंडचे बटणही पाहिले. त्याची तार आतल्या झडपेच्या दांड्यावरून निसटली होती. ती परत अडकवून क्लिप लावली. डिसेंबरच्या पहाटे काचेवर वाफ धरते तेव्हा हेच बटण कामी येते.

काही गोष्टी मात्र घरी करू नयेत. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना हात लावू नये. फ्यूजच्या जागी साधी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नये. त्याने गाडी पेट घेऊ शकते. नवा फ्यूज लगेच उडाला किंवा कपलर वितळलेला दिसला, तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे जावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. पायाखाली कूलंट गळत असेल किंवा एसीचा गॅस गेला असेल, तर तेही कारागिराचेच काम. आपोआप तापमान राखणाऱ्या नव्या गाड्यांत वेगळी यंत्रणा असते. त्यांना वरची रीत लागू होत नाही.

पुढच्या तपासणीला अम्मी दुसऱ्या वेगावर निवांत बसल्या. खापरीजवळ त्यांचा डोळा लागला. मागच्या सीटवरून लेक हळूच म्हणाली, "अब्बू, आता एकवर करा."

आम्ही बटण फिरवले. पंखा हळू झाला.