अमीबा दिसला, पण कोणता?

सकाळी ८. पावसाळा लागला की आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या खिडकीवर शौचाच्या डब्या वाढतात. डबीवर नमुना घेतल्याची वेळ नसली तर मी ती परत पाठवते. पातळ शौचातला अमीबा अर्ध्या तासात थंडावतो, मग ओळखणे कठीण. थोडा नमुना एलायझासाठी, म्हणजे अमीबाचे अँटिजेन शोधणाऱ्या चाचणीसाठी, तसाच फ्रीजमध्ये जातो. त्यात फॉर्मलीन पडले की अँटिजेन बिघडते.

९.३०. सलाइनच्या थेंबात पाय पसरत सरकणारे अमीबा, आयोडीनमध्ये चार केंद्रकांचे सिस्ट. आठ असती तर ‘एंटामीबा कोलाय’ म्हणून सोडून दिले असते. चार म्हणजे आतडे पोखरणारा, यकृतात गळू करणारा हिस्टोलिटिका, नाहीतर निरुपद्रवी डिस्पार. पोटात तांबड्या पेशी गिळलेला अमीबा दिसला तर संशय पक्का होतो. एरवी भिंगाखाली दोघे जुळे भाऊ. एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्येच डिस्पार ही वेगळी जात असल्याचे सांगितले होते. जगाने ते मानायला १९९३ उजाडले!

११. वॉर्डातून फोन. “मॅडम, अमीबा आहे ना? मेट्रोनिडाझोल सुरू करू?”
“पेशंट कसा आहे?”
“बरा आहे, जुलाब कमी झालेत.”
“मग दुपारपर्यंत थांब.”

११.३०. एलायझा. आतड्याला चिकटण्यासाठी अमीबाच्या अंगावर लेक्टिन नावाचे प्रथिन असते. डिस्पारकडेही ते असते, थोड्या फरकाने. त्यामुळे बऱ्याच अँटिबॉडी दोघांनाही पकडतात. फक्त हिस्टोलिटिकाच्या लेक्टिनवरची खूण ओळखणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी निवडाव्या लागल्या. व्हर्जिनियाचे विल्यम पेट्री आणि ढाक्याचे रशिदुल हक यांनी नव्वदच्या दशकात हे काम पुढे नेले. आमच्या हातात उरते ते धुणे. प्लेटमधल्या वेल (छोटे खळगे) भरायच्या, रिकाम्या करायच्या, प्लेट टिपकागदावर उलटी आपटायची, पुन्हा भरायच्या. इथे आळस केला की निगेटिव्ह कंट्रोलसुद्धा रंगतो.

२. पॉझिटिव्ह कंट्रोल निळा झाला, आम्ल घालताच पिवळा. वॉर्डातल्या पेशंटची वेल कोरी. हिस्टोलिटिका नाही, बहुधा डिस्पार. जुलाबाचे कारण दुसरीकडे शोधा, असे कळवले.

३.३०. यकृताच्या गळूच्या रुग्णाचे रक्त आले. अशा रुग्णाच्या शौचात बहुतेकदा काहीच सापडत नाही, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी शोधायच्या. पण त्या वर्षानुवर्षे टिकतात, तेव्हा जुनी लागण की नवी हे सोनोग्राफी आणि ताप पाहूनच ठरवायचे.

४.३०. रिपोर्ट. ज्या लॅबमध्ये एलायझा नाही, त्यांना विनंती: नुसत्या चार केंद्रकांवर ‘हिस्टोलिटिका’ लिहू नका, ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच हे सांगून ठेवले आहे.