पोट भरलं, पण बाळ पोसलं का?



मागे एका बचतगटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने प्रश्न विचारला. तिची लेक नुकतीच वर्षाची झाली होती. ती म्हणाली, "ताई, पोरगी दिवसभर काही ना काही खातेय. तरी अंगणवाडीत वजन केलं की काटा तिथंच. तीन महिने झाले. घरात म्हणतात, तुझ्या दुधातच कस नाही." हे सांगताना तिचे डोळे भरून आले.

मी तिला म्हटलं, "दूध राहू दे बाजूला. काल सकाळपासून रात्रीपर्यंत पोरीने काय काय खाल्लं, ते सांग बघू."

सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं. दुपारी वरणाच्या पाण्यात कालवलेला भात, चार-पाच घास. मधे रडली म्हणून दुकानातलं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी पुन्हा बिस्किट, रात्री बाटलीभर पातळ दूध. बैठकीतल्या सगळ्याजणी गप्प झाल्या. कारण थोड्याफार फरकाने बऱ्याच घरांत हेच चालतं.

तर आज आपण एवढंच समजून घेऊ, की पोट भरणं वेगळं आणि बाळ पोसणं वेगळं.

वर्षाच्या बाळाचं पोट लहान असतं. एका वेळेला त्यात फार मावत नाही. पण वाढ मात्र झपाट्याने चाललेली असते. पोटात आल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतचे जे हजार दिवस, त्यात उंची आणि मेंदू सगळ्यात जास्त वाढतात. तेव्हा राहिलेली कसर नंतर भरून काढणं अवघड असतं. म्हणून त्या लहानशा पोटात पाणी भरायचं की अन्न, हे आपण ठरवायचं. वरणातली डाळ तळाशी बसते. वरचं पाणी बाळाला दिलं, तर डाळ मोठ्यांच्या ताटात गेली आणि बाळाच्या वाट्याला हळदीचं पाणी आलं!

आणि आईच्या दुधाचं म्हणाल, तर दूध चांगलंच असतं. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही पाजावं. पण वर्षाच्या बाळाला लागणारी निम्म्याहून जास्त ताकद आता जेवणातून यायला हवी. त्यामुळे दोष दुधाचा नाही, ताटाचा आहे.

आता किती द्यायचं? दिवसातून 3 ते 4 वेळा जेवण आणि मधे 1-2 वेळा खाऊ. एका जेवणाला 250 मिलीच्या वाटीने पाऊण ते एक वाटी. बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. घास दाट हवा. चमचा तिरका केला तरी तो चमच्यातच राहिला पाहिजे. ओघळून गेला तर समजा, पाणी जास्त झालं.

काय द्यायचं? त्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. आपल्याच भांड्यातलं, पण तिखट टाकायच्या आधी बाजूला काढलेलं. मीठ अगदी बेताचं. प्रत्येक जेवणात चार गोष्टी आहेत का बघा. एक, धान्य: भात, ज्वारी, बाजरी, नाचणी. दोन, डाळ किंवा कडधान्य, नाहीतर अंडं, काटे नीट काढलेली मासळी. तीन, रंगीत भाजी किंवा फळ: मेथी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पपई. चार, चमचाभर तूप किंवा तेल. लहान पोटाला कमी घासात जास्त ताकद मिळते ती या चमच्यामुळे.

शेताला जाणाऱ्या बाईला जमेल असा एक दिवस सांगते.

सकाळी 7 वाजता: नाचणीची दाट लापशी, वरून तूप.

10 वाजता: एक लहान केळं किंवा पपईच्या मऊ फोडी.

दुपारी 1 वाजता: भाकरीचा मऊ भाग घट्ट वरणात कुस्करून, त्यात शिजवलेली मेथी, तेल आणि दोन थेंब लिंबू. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं.

4 वाजता: पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा उकडलेलं रताळं आणि दही.

संध्याकाळी 7 वाजता: भोपळा घातलेली मऊ मूगडाळ खिचडी, वरून तूप.

अंगावरचं दूध सकाळी, रात्री आणि बाळ मागेल तेव्हा.

दुपारी तुम्ही घरी नसता, तेव्हा घास भरवते ती आजी. म्हणून ही गोष्ट आजीला आधी सांगा. नुसतं "बिस्किट देऊ नका" म्हणून भागत नाही. हाताशी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. त्यासाठी रविवारी खिमटाची भरड करून ठेवा. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजायची, थोडं जिरं घालून रवाळ दळायची आणि कोरड्या डब्यात भरायची. भरड पाण्यात कालवून चांगली शिजवली, की थोड्या वेळात खिमट तयार. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट एक चमचा घाला. गटातल्या चौघींनी मिळून भरड केली, तर दळणाचा खर्चही वाटला जातो.

अंगणवाडीतून मिळणारं पाकीट बाळाच्या वाट्याचं आहे. ते घरभर वाटून संपवू नका.

आता काय टाळायचं? चहा नकोच, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. गाईम्हशीचं दूध चांगलं, पण त्यात लोह फार कमी असतं. बाटली-बाटली दूध प्यायलेलं बाळ जेवत नाही आणि फिकट पडत जातं. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, आख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. घास कोंबू नका, मोबाईल दाखवून भरवू नका. बाळाने तोंड फिरवलं तर थांबा, थोड्या वेळाने पुन्हा द्या. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली, म्हणून आवडत नाही असं ठरवू नका. आठ-दहा वेळा चव कळली, की बरीच मुलं खायला लागतात.

जुलाब झाले तरी जेवण बंद करू नका. अंगावर पाजा, ओआरएस द्या, मऊ खिचडी, दही-भात थोडा थोडा भरवत राहा आणि आशाताईंना विचारून झिंकची गोळी पूर्ण 14 दिवस द्या. बाळ सुस्त पडलं, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

त्या मैत्रिणीचं काय झालं? तिने महाग काही आणलं नाही. वरणाचं पाणी बंद केलं, तळाची डाळ दिली, रोज तूप घातलं आणि पाकिटाचे पाच रुपये वाचवून अंडी आणली. पुढच्या महिन्यात काटा हलला. सासूबाईच सगळ्यांना सांगत होत्या, "आमची नात आता वाटी चाटूनपुसून खाते."

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी बाळाला भरवताना एकदा वाटीत बघा. डाळ आहे का? रंग आहे का? तूप आहे का? आणि चमचा तिरका केला तर घास टिकतो का? पुढच्या बैठकीला वजनाचं कार्ड घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!