शब्द ऐकू आले पाहिजेत

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दरवर्षी दिघीवरून पुण्याला जाते. टाळ-पखवाजाच्या गजरातही अभंगाचे शब्द आपल्याला कळतात, कारण ते बहुतेकांना पाठ असतात. रॅप म्हणणाऱ्याला ही सोय नाही. त्याचे शब्द नवे असतात आणि भरभर येतात. ते कळलेच नाहीत तर त्याने जे सांगायचे ठरवले होते ते वायाच जाते.

'गली बॉय' (२०१९) या चित्रपटानंतर ही कला घराघरांत पोचली. दिघीतला एखादा दहावीचा विद्यार्थी मोबाइलवर रॅप ध्वनिमुद्रित करतो आणि म्हणतो, "सर, माझा आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?" याचे उत्तर महागड्या यंत्रात नसून भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

प्रथम खोली पाहू. मायक्रोफोनपर्यंत आवाज दोन वाटांनी पोचतो : थेट तोंडातून आणि भिंतींवर आपटून. अंतर दुप्पट केले की थेट आवाजाची तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबलने घटते. भिंतींवरून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा. पाठीमागे आणि बाजूंना गोधड्या टांगाव्यात. त्या उच्च वारंवारतेचा आवाज चांगला शोषतात. १०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी मात्र सुमारे ३.४ मीटर असते. तो गोधडीला जुमानत नाही. पंखा बंद करावा आणि लोहगावच्या धावपट्टीवरून उडालेले विमान जाऊ द्यावे.

आता मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांचा मेळ. स्वरांमध्ये ऊर्जा जास्त असते. शब्द ओळखायला मात्र व्यंजने लागतात, आणि त्यांची ओळख मुख्यतः २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. शब्द दबले तर आवाज वाढवत बसण्याऐवजी त्या पट्ट्यात वाद्ये थोडी कमी करून पाहावीत. ८० हर्ट्झखाली बोलण्याचे जवळजवळ काही नसते, फक्त घरघर असते. ती गाळून टाकावी. 'फ' आणि 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो, तो चुकवण्यासाठी मायक्रोफोन किंचित तिरका धरावा. 'चार'मधला च आणि 'चोर'मधला च म्हणून पाहा. दुसऱ्यात 'स'ची धार आहे. ती कानाला टोचत असेल तर ५,००० ते ८,००० हर्ट्झचा भाग तेवढ्यापुरता कमी करावा.

रॅपमध्ये एक शब्द ओरडून येतो, तर पुढचा पुटपुटत. ही दरी कमी करणाऱ्या साधनाला कंप्रेसर म्हणतात. संगणकावर सर्वांत मोठ्या शक्य पातळीला शून्य डेसिबल मानतात, म्हणून बाकीच्या पातळ्या ऋण असतात. समजा, मर्यादा –१८ आणि प्रमाण ४:१ ठेवले. –१० चा शब्द मर्यादेच्या ८ डेसिबल वर आहे. त्याचे २ होतील आणि तो –१६ वर येईल. –२० चा शब्द जागचा हलणार नाही. दोघांतले अंतर १० वरून ४ डेसिबलवर आले. आता सगळेच थोडे वाढवले की पुटपुटलेला शब्दही ऐकू येतो. 'ऑडॅसिटी' या मोफत संगणक-प्रणालीत ही सर्व साधने आहेत.

शेवटी मास्टरिंग : तयार झालेल्या संपूर्ण गाण्यावरचा अखेरचा हात. शून्याच्या वर गेलेल्या तरंगाचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून कमाल पातळी –१ च्या आसपास रोखावी. इथे एक फसगत होते. दोन नमुन्यांपैकी मोठा वाजणारा आपल्याला हटकून चांगला वाटतो. तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठेपणाने ऐकावेत. इंटरनेटवरच्या बऱ्याच गाण्यांच्या सेवा तर वाजवताना गाण्यांची पातळी साधारण सारखी करतात. त्यामुळे आवाज पिळून मोठा करण्यात फायदा नाही.

हे वर्गात पडताळता येईल. एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या चार ओळी एकदा उघड्या खोलीत आणि एकदा गोधड्यांच्या आडोशाने म्हणाव्यात. वर्गाचे दोन गट करून प्रत्येकाला एकच नमुना ऐकवावा आणि कळलेले शब्द लिहायला सांगावेत. एकाच गटाला दोन्ही ऐकवू नयेत. दुसऱ्या वेळी शब्द ओळखीचे झालेले असतात. मग बरोबर शब्द मोजावेत. आपले म्हणणे किती जणांपर्यंत पोचले, हे त्या विद्यार्थ्याला आकड्यात दिसेल.