बुधवारचा योगवर्ग आणि खडवलीची गाडी

लेखमाला 'नोकरी आणि तब्येत' : भाग सहावा

वजन, रक्तदाब आणि साखर मोजणारं शिबिर. बुधवारी संध्याकाळी योगवर्ग. पावलं मोजायची स्पर्धा, ताणतणावावर एक ऑनलाइन व्याख्यान आणि फोनमध्ये उतरवून घ्यायचं एक ॲप. बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत 'वेलनेस' म्हणून हे एवढं आता ठरलेलं असतं. त्यावर खर्च होतो, फोटो निघतात, वार्षिक अहवालात एक पान भरतं. यातून नेमकी कुणाची तब्येत सुधारते, याचा शोध या भागात घेऊ. त्यासाठी कार्यालयातून निघून थेट खडवलीला जावं लागेल.

कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधलं हे स्थानक. जवळून भातसा वाहते, त्यामुळे मुंबईकरांना खडवली आठवते ती पावसाळी सहलीपुरती. पण रोज पहाटे इथून गाडी पकडणाऱ्यांची खडवली निराळी आहे. सीएसएमटी इथून सत्तरेक किलोमीटर लांब. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ होतात, आणि ठरलेली गाडी चुकली की पुढचं सगळं गणित कोसळतं. फोर्टात नोकरी असेल तर जाण्यायेण्यात चार तास सहज जातात. घर गावात आत असेल तर रिक्षाची वाट पाहणं वेगळंच. गाडी पकडणारी बाई असेल आणि घरी स्वयंपाक करणारीही तीच असेल, तर डबा भरण्यासाठी दिवस पाचच्या आधीच सुरू झालेला असतो.

आता संध्याकाळी सहाचा योगवर्ग तिला दाखवा. ती हसेल आणि बॅग उचलून स्टेशनकडे धावेल. (पावलांची स्पर्धा मात्र ती जिंकू शकते. रोजचे रेल्वेपूल मोजले तरी पुरे.) ती वर्गाला नसते, शिबिरात रांगेत थांबायला तिच्याकडे वेळ नसतो, म्हणून 'कार्यक्रमाचा लाभ घेतलेल्यांच्या' आकड्यांतही ती कुठे सापडत नाही.

संशोधकांना बरीच वर्षं चकवलं ते याच गोष्टीने. २०१० साली अमेरिकेतल्या कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून सांगितलं, की वेलनेसवर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात. हा आकडा जगभरच्या सादरीकरणांत फिरला. मग इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कुणाला कार्यक्रम द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. नुसती भाग घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना केली की कार्यक्रम झकास वाटायचा. चिठ्ठ्यांनी पाडलेले दोन गट समोरासमोर ठेवले की वैद्यकीय खर्चातला फरक नाहीसा व्हायचा. कारण साधं होतं. भाग घेणारे आधीपासूनच धडधाकट होते, त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता. योगवर्गाला तोच जातो ज्याला जाणं परवडतं.

खुद्द बेकर यांनी झिरुई साँग यांच्यासोबत अशीच परीक्षा घेतली (निष्कर्ष २०१९ मध्ये आले), तीही एका घाऊक विक्रीच्या साखळीत, म्हणजे उभं राहून, ओझी उचलून काम करणाऱ्यांमध्ये. सुमारे ३३ हजार कर्मचारी, १६० ठिकाणं, त्यांतली चिठ्ठीने निवडलेली २० ठिकाणं कार्यक्रमासाठी. दीड वर्षाने लोक सांगत होते, आम्ही जास्त व्यायाम करतो. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आपलाच गाजलेला निष्कर्ष असा पुन्हा तपासायला घेणं सोपं नाही. मला या संशोधिकेचं त्यासाठी कौतुक वाटतं. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी पाहिले. माइंडफुलनेस, ताणाचं व्यवस्थापन, झोपेची ॲप वापरणारे आणि न वापरणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही. सेवाकार्यात भाग घेणं हा तेवढा अपवाद.

म्हणजे सगळंच फोल? तसं नाही, आणि याचा पुरावा आपल्या दाराशी आहे. नवी मुंबईतली हीलिस सेखसरिया ही संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी मिळून मुंबई परिसरातल्या २० कारखान्यांत तंबाखू सोडवण्याचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. इथेही कारखाने चिठ्ठीनेच विभागलेले. पण कामगाराला नुसतं 'तंबाखू वाईट' सांगून ते थांबले नाहीत. त्याच कार्यक्रमात व्यवस्थापनाशीही बोलणं होतं : कारखान्यातले धोके कमी करा, तंबाखूबंदीचा नियम सगळ्यांना सारखा लावा. सर्व कर्मचारी मिळून पाहिलं तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का म्हणता येण्याजोगा नव्हता. प्रत्यक्ष उत्पादनात काम करणाऱ्यांमध्ये मात्र चित्र स्पष्ट होतं. महिनाभर तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण कार्यक्रमाच्या कारखान्यांत बाकीच्या कारखान्यांपेक्षा ठळकपणे जास्त होतं.

असं का व्हावं? दिवसभर धूळ आणि रसायनांचा वास घेणाऱ्याला त्याच शेडमधला सुपरवायझर फुप्फुसं जपण्याचा सल्ला देतो, तेव्हा कामगार मनात काय म्हणत असेल ते लिहिण्याजोगं नाही. एक्झॉस्ट पंखा बसला आणि साहेबांच्या केबिनमधली सिगारेटही विझली, की त्याच सल्ल्याला वजन येतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात टाटा मेमोरियलच्या गटाला असाच अनुभव आला. तिथे १०४ तंबाखू खाणारे-ओढणारे होते. गट एकदा भाषण देऊन परतला नाही, पुन्हा पुन्हा जात राहिला. प्रत्येक फेरीत सोडणाऱ्यांचा आकडा चढत गेला आणि वर्षअखेर ४० टक्क्यांवर पोहोचला. कामगार खरं सांगतात का, हे लघवीच्या तपासणीतून पडताळलं. ९६ टक्के जुळलं. तेव्हा शिबिर किती दिमाखात झालं याला अर्थ नाही. शिबिरानंतर कोण परत आलं, ते विचारा.

आणखी एक अट. तपासणीचे कागद एचआरच्या टेबलावर जाणार असतील, तर साखर वाढलेला माणूस त्या दिवशी रजा टाकणार. बढती जवळ आलेली असेल तर नक्कीच. यावर अधिक लिहायची गरज नाही.

लंडनच्या सरकारी कार्यालयांत १९८५ पासून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा माग ठेवणारा 'व्हाइटहॉल २' अभ्यास तब्येत कशाने बिघडते याच्या मुळाशी जातो. ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचा वेग, क्रम, वेळ ठरवणं नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. यातली रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली. या यादीत कामगाराने स्वतःला सुधारावं असं एकही कलम नाही. १९४८च्या कारखाना कायद्यानेही तोच धागा पकडला होता : अडीचशेवर कामगार असतील तर कँटीन, तीसवर स्त्रिया असतील तर पाळणाघर, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकायला जागा. दुकानांतल्या बायकांना मात्र ती जागा मिळवायला भांडावं लागलं. कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांच्या लढ्यामुळे केरळने २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. कल्याणच्या साडीच्या दुकानात दहा तास उभ्या असलेल्या मुलीला पावलं मोजणारं घड्याळ आणि एक स्टूल समोर ठेवा, ती काय उचलेल?

खडवलीच्या बाईसाठी ते स्टूल म्हणजे वेळ. कामाच्या वेळा बदलणं कुणी करून पाहिलं नाही असं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेने आपल्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेळा लावल्या : काहींनी साडेनऊला यायचं, काहींनी साडेअकराला. शेकडो कार्यालयांना 'तुम्हीही वेळा पुढेमागे करा' अशी विनंती पाठवली. प्रतिसाद तुटपुंजाच राहिला. गर्दी तशीच राहिली, आणि ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यातली एक गाडी कसारा मार्गावरची होती.

ज्या कंपनीचे लोक कल्याणच्या पलीकडून येतात, तिने ॲपच्या वर्गणीवर सही करण्याआधी हजेरीच्या मशीनची वेळ पाहावी. दहा मिनिटं उशिराला अर्धा दिवस कापला जात असेल, तर लटकत जाणाऱ्याला ती मशीनच ढकलत असते. उशीर झालेली दहा मिनिटं संध्याकाळी भरून द्यायची मुभा, आठवड्यातून एक दिवस घरून काम, आणि योगवर्ग ठेवायचाच असेल तर कामाच्या तासांत, दुपारी तीनला. तेव्हा ती येईल. कदाचित शवासनात झोपूनही जाईल; झोपू द्यावं.

(पुढच्या भागात : भिवंडीची गोदामं आणि रात्रपाळी)